चिमणकोबी

भाजीच्या दुकानात तिचा नवरा अजून जिवंत होता.

बाकी सगळीकडून तो कधीच गेला होता. लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीने त्याच्या कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली, कोपऱ्यावरच्या न्हाव्याने 'फार वाईट झालं' म्हणून घेतलं, दूरच्या गावच्या लेकीने येऊन, रडून, चार दिवस राहून घेतलं. भाजीवाली मावशी मात्र तेव्हा सुनेच्या बाळंतपणाला गेली होती. ती परतली तोवर बातमी शिळी झालेली, आणि शिळी बातमी सांगायला कोण येतंय? दर बुधवारी ती फळीखाली हात घालून बाजूला ठेवलेली पुडी काढायची.

"घ्या ताई, तुमच्या साहेबांचा खाऊ."

खाऊ म्हणजे चिमणकोबी. सुपारीहून थोरली, लिंबाहून धाकटी, पानात पान मिटून बसलेली इवलीशी कोबी. हे नाव त्यानेच ठेवलेलं. या भाजीने माणसांचे दोन तट पाडलेत, जीव टाकणारे आणि नाक मुरडणारे. या गल्लीत पहिल्या तटावर तो एकटाच.

"एका माणसासाठी मागवते बघा," मावशी म्हणायची. "बाकीची गिऱ्हाइकं तिच्याकडे बघतात तर जशी सवतच बसलीय टोपलीत!"

मग विचारायची, "साहेब बरे आहेत ना?"

"आहेत आपले."

"गुडघा दुखायचा त्यांचा."

"आता नाही दुखत."

रफूचं काम करायची ती. धुलाईच्या दुकानात, मागच्या खोलीत, दिव्याखाली मान घालून, कपड्याच्या आतल्या दुमडीतून त्याचाच धागा काढायची आणि भोक असं बुजवायची की ते कुठे होतं हे कपड्याच्या धन्यालाही सापडू नये. मावशीपुढे तिचं तेच चाललं होतं. टाक्याला टाका. सांगून टाकलं की मावशी कोबी मागवणं थांबवणार, आणि मग 'तुमचे साहेब' असं म्हणणारं जगात कुणीच उरणार नाही. म्हणून ती पुडी घ्यायची, घरी ओट्यावर ठेवायची, पानं पिवळी पडली की गुपचूप टाकून द्यायची.

त्या बुधवारी दुकानात एक बाई आधीच उभी होती. बस चालवणारी, खाकी शर्ट, मनगटावर जाड घड्याळ.

"ती बारकी कोबी द्या ना मावशी. किती दिवसांनी दिसली!"

"ती राखीव आहे हो. या ताईंच्या साहेबांची."

बसवाली वळली आणि अशी हसली, जसं परमुलखात माहेरचं माणूस भेटलं. "अगंबाई! आणखी एक वेडा आहे म्हणायचा! आमच्या घरी तर मला वाळीतच टाकलंय. काकू, कशी खातात हो ते? करपवून कडक, की मऊसूत? मी तर आधी वरची पानं सोडवते एकेक, आणि गाभा शेवटी."

सांगायला म्हणून तिने तोंड उघडलं.

भाजी कशी करायची ते तिला पाठ होतं. मधोमध चिरायची, तेलावर टाकायची, मीठ भुरभुरायचं, पदर नाकाला लावायचा. पण तो ती कशी खायचा? जन्मभर भाजी रांधून तिने त्याला एकदाही ती खाताना पाहिलं नव्हतं.

"असंच... आवडीने," ती म्हणाली, आणि पुडी घेऊन निघाली. तिच्या हातचा टाका पहिल्यांदाच उसवला होता.

लेक लहान असताना ही भाजी पहिल्यांदा घरात आली, आणि वासानेच तिला ओकाऱ्या झाल्या. तेव्हा घरात कायदा झाला की चिमणकोबीच्या दिवशी बापाने ताट घेऊन मागच्या गॅलरीत जायचं आणि दार लावून घ्यायचं. तो हसत उठायचा. दाराआडून गाणं यायचं, त्याचंच जुळवलेलं:

*एवढीशी कोबी, तिचा एवढासा गड्डा,*
*तिच्यापायी झाला माझा घराबाहेर अड्डा.*

लेक खिदळायची. मग लेक मोठी झाली, सासरी गेली. लेक गेली, कायदा राहिला. तो ताट घेऊन उठायचा, दार लागायचं. गाणं कधी थांबलं, हे काही तिला आठवेना.

घरी येऊन तिने पुडी सोडली. चिरली, परतली. काड्यापेटी ओली झाल्यासारखा तो वास घरभर झाला, पण आज पदर नाकाला गेला नाही. ताट वाढून घेतलं, आतला दिवा तसाच जळत ठेवला, आणि गॅलरीत जाऊन मागे दार लावून घेतलं.

त्याची खुर्ची तिथेच होती, पाठ रस्त्याकडे करून. काय हा माणूस! येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत बसायचं, तर हा पाठ फिरवून? ती बसली आणि मान वर केली.

समोर दाराची काच. काचेपलीकडे उजेडातलं जेवणाचं टेबल, पाण्याचा तांब्या आणि तिची खुर्ची.

आतून त्या काचेत काही दिसायचं नाही. दिवा लावला की आपलंच तोंड दिसायचं, म्हणून तिने कधी तिकडे पाहिलंच नव्हतं. आणि तो इथे अंधारात बसून एकेक कोबी तोंडात टाकत तिला जेवताना बघायचा. म्हणजे इतकी वर्षं एकाच वेळी दोघं एकेकटे जेवत होते, मध्ये बोटभर जाडीचं दार. त्याला कडीसुद्धा नव्हती.

"आत या की," ती म्हणाली. आत कुणीच नव्हतं. बाहेरही.

तिने एक कोबी तोंडात टाकली. कडू, गिळगिळीत, नकोशी. दुसरी टाकली. तीही तशीच. काही केल्या आवडेना. ताट मात्र तिने पुसून खाल्लं, डोळे वाहत होते तरी.

पुढच्या बुधवारी मावशीचा हात फळीखाली गेला, तसं तिने तो वरचेवर धरला.

"मावशी, हे गेले. तुम्ही सुनेकडे होतात तेव्हाच."

मावशीचा हात तिच्या हातात तसाच राहिला. मावशी म्हणाली, "आणि मी मेली दर वेळी त्यांचा गुडघा विचारत होते..."

"विचारत होतात म्हणून बरं होतं."

मावशीने पदराने डोळे टिपले. पुडीकडे बघितलं. "मग आता... मागवू नको?"

"मागवा. अर्धी त्या बसवालीला द्या, म्हणावं वाळीत एकटीने बसू नको. अर्धी मला."

"तुम्हाला आवडते?"

"छे! मला मुळीच नाही आवडत," ती म्हणाली आणि पिशवीचं तोंड उघडून धरलं. "पण द्या."