फाट्यावरचा हिचहायकर

“रुकना नहीं, मानसिंग. हिचहायकर है,” लांबवर रस्त्याच्या कडेला हात केलेला माणूस पाहून पुढच्या सीटवरचे सेल्वम शेट म्हणाले.

मागून त्यांच्या मुलीने, राजेश्वरीने विचारलं, “पप्पा, हिचहायकर म्हणजे?”

“हात करून दुसऱ्याच्या गाडीत फुकट बसतो तो. ओळख नसली तर थांबायचं नसतं, बाळा.”

एवढं बोलेपर्यंत गावचा फाटा जवळ आला आणि त्या माणसाचा चेहरा दिसला. गुडघ्यापर्यंत चिखल, वर खोचलेलं धोतर, खांद्यावर खोरं. मानसिंगचे वडील, आबा होते. उसाला पाणी पाजता पाजता तसेच आले असणार. पाहुणे वाट चुकतील म्हणून फाट्यावर जाऊन उभं राहायची त्यांची जुनी खोड.

मानसिंगचा पाय ब्रेककडे गेला आणि घुटमळला. कोइमतूरचं त्याचं सोनं गाळायचं दुकान शेटच्या कामावर चालत होतं. गावच्या यात्रेचं आमंत्रण देताना त्याने बढाई मारली होती, वडील मोठे बागायतदार, झोपाळ्यावर बसून नुसती देखरेख करतात. आता तो झोपाळा आणायचा कुठून? त्याने गाडी तशीच दामटली. आरशात आबांचा हात बराच वेळ वरच होता, मग खाली आला. मानसिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गाडी काही त्याने वळवली नाही.

घरी चहा झाला तरी त्याचं लक्ष दाराकडे. काच वर होती, आबांनी आपल्याला ओळखलं नसेल, असं तो मनाला बजावत होता. नव्या गाडीचा नंबर आबांनीच साऱ्या आळीला पाठ करायला लावला होता, पण माणूस आपली समजूत कशानेही घालतो.

आबा चालत आले. खोरं भिंतीला टेकवून त्यांनी पाहुण्यांना हात जोडले. “पाव्हण्यास्नी वाट घावली न्हवं? म्या हुतो फाट्यावर. जरा चुकामूक झाली बगा.”

“हे माझे वडील,” मानसिंग कसाबसा हिंदीत बोलला. शेटनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग उठून आबांच्या चिखलाच्या पायांना हात लावला.

राजेश्वरी मात्र मानसिंगच्या दुकानात येता-जाता शिकलेल्या मराठीत ओरडली, “आजोबा, तो हिचहायकर तुम्ही होता?”

“त्ये आनि काय असतं गं?”

“फुकट गाडीत बसणारा! पप्पा म्हणाले, ओळख नसली तर थांबायचं नसतं.”

आबांनी लेकाकडे पाहिलं. “बराबर हाय तुज्या बापाचं. वळक नसल्यावर कशाला थांबायचं?”

त्यांनी शिव्या द्याव्यात, एक थोबाडीत ठेवून द्यावी, असं मानसिंगला वाटलं. तो तांब्या भरून त्यांच्या पायांवर पाणी घालायला धावला. आबांनी त्याच्या हातातून तांब्या हळूच काढून घेतला.

“ऱ्हाऊ दे. कापडं खराब हुत्याल तुजी,” म्हणाले, आणि वाकून आपले पाय आपणच धुऊ लागले.