खळ्याबाहेर राहिलेला बूट

मित्रांनो, मी एक जुना पाय आहे. डावा, गुडघ्याखालचा. झिजून जुना झालो नाही, पडून पडून झालो. आत लाकूड, वरून रबर, बोटंसुद्धा कोरलेली. फक्त माझा घोटा वळत नाही.

जनी खाडीकाठच्या खारेपाटातली भात पिकवणारी बाई, नवरा नसलेली. तिला फुरसं चावलं, दवाखाना गाठायला उशीर झाला आणि पाय कापावा लागला. मग एका शिबिरात मी तिला मिळालो. हार, भाषणं, फोटो, सगळं झालं. गुळगुळीत लादीवर, मला बूट चढवून, कारागिराने माझा तोल त्या बुटाच्या टाचेच्या उंचीवर बसवला.

"दादा, बांधावर चालंल ना ह्यो?" जनीने विचारलं.

"सवय होईल ताई," म्हणत तो पुढच्या माणसाकडे वळला. रांग मोठी होती, त्याला किती दोष देऊ? पण फोटोसाठी माझ्यावर हात ठेवणाऱ्या एकानेही विचारलं नाही, की बाई, तू चालतेस कुठे?

घरी तिचा दीर धर्मा खाडीकडचं शेत कोळंबीच्या तळ्यासाठी द्यायला निघाला होता. जनी आडवी आली. तेव्हा तो म्हणाला, "वैनी, भाताच्या झोडणीला आपल्या पायानं खळ्यात ये. रास उचल. मग शेत तूच कर. न्हायतर मी देऊन मोकळा होतो."

जनी रोज बांधावर जाऊ लागली. बांध म्हणजे ढेकळं, खेकड्यांची बिळं, मध्येच उतार. घोटा वळेना, म्हणून सगळा हिसका तिच्या थोट्या पायाला बसे. तिथली कातडी सोलली. मला ते रक्त कळत होतं, पण मी रबर. ती काठी टेकत, मला आडवा टाकत चालायला शिकली. शेजारची आवडाबाई ओरडली, "जने, बघ गो, धर्माची बोलती बंद केलीस!" त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपण पाय आहोत.

झोडणीचा दिवस आला. जनी पूर्ण बांध चालून खळ्यापाशी पोचली. मधोमध पिवळ्या भाताची रास. खळ्यात पायताण घालून कुणी जात नाही, ते अन्नाचं अंगण. जनीने उजव्या पायातली चप्पल काढली, मग खाली बसून माझा बूट काढला.

"अगो, तो र्‍हाऊ दे, तो कुठं खरा पाय हाय?" आवडाबाई म्हणाली.

"मला तर खराच हाय," जनी हसली.

मित्रांनो, मला तोंड असतं तर किंचाळलो असतो! बूट गेला, टाच खाली गेली, माझा तोल मागे गेला. घरात ती मला काढूनच ठेवायची, त्यामुळे हे तिला कळलं नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नव्हतं. राशीकडे दोन पावलं टाकली आणि जनी उताणी पडली.

कुणी हसलं नाही. धर्माने तिला उचललं आणि हळूच म्हणाला, "वैनी, पुरं आता." तो हसला असता तर बरं झालं असतं.

शेतात खाडीचं पाणी सोडलं. तिथे आता भात व्हायचं नाही. मी दारामागच्या खिळ्यावर गेलो, जनी कुबडीवर.

पुढच्या दसऱ्याला घरात विळे-कोयते पुजायला मांडले. जनीने मला काढलं, पुसलं, विळ्याशेजारी ठेवलं आणि माझ्या रबरी बोटांना हळदकुंकू लावलं.

"ह्यो काय कामाचा हाय, म्हणून पुजतेस?" धर्माने विचारलं.

"आन विळा?" जनी म्हणाली. "तो तरी कुठं कामाचा र्‍हायला?"

धर्मा उठून बाहेर गेला.

मित्रांनो, मला हळदकुंकू नको होतं. मला बांध हवा होता. उद्या मोठे होऊन कुणाला पाय द्याल, तर फोटो मागाहून काढा. आधी तिच्या बांधावर चालून या. बूट काढून.