पाठीवरल्या अकरा घोड्या

मेरिमने कोमट पाण्यात फडकं पिळून सालकिनची उघडी पाठ पुसली, मग तांबड्या रंगाची डबी उघडून एकेक ठिपका द्यायला सुरुवात केली. कातडीखाली बटणाएवढी यंत्रं कुठे कुठे बसवली आहेत, हे तिला आता पाठ झालं होतं.

"हलू नकोस गं. डाव्या खांद्याच्या फऱ्याखालची, हीच ना कुला घोडी?"

"हीच."

"हिला जरा मोठा ठिपका देते. मागच्या रांगेला दिसायला हवा."

अकरा यंत्रं, अकरा घोड्या. घोड्या होत्या डोंगरापलीकडे आत-बाशीला, सालकिनच्या थोरल्या भावाकडे, जोल्दोशकडे. प्रत्येकीच्या गळ्यात एक पट्टा. तिकडे घोडीने पाऊल टाकलं की इकडे बिश्केकमध्ये सालकिनच्या पाठीत टिचकी बसे, झोपेतसुद्धा. माणसाचं अंग कातडीपाशी संपत नाही, असं तिनेच कलाकेंद्राच्या अर्जात लिहिलं होतं, आणि तेव्हा ते तिला मनापासून पटलंही होतं. हौसेला मोल नसतं म्हणतात. आता पटो न पटो, यंत्रं काढायची तर ज्या डॉक्टरांनी बसवली त्यांनीच काढायची. डॉक्टर केंद्राचे, आणि करार संपायला अजून चौदा महिने होते.

उन्हाळ्यात घोड्या बारा होत्या. एकीला लांडग्यांनी फाडलं तेव्हा सालकिन बाजारात कांदे निवडत होती. ती किंचाळून पडली ती पडलीच. कुणीतरी ते फोनवर टिपलं आणि आठवड्याभरात निम्म्या जगाने पाहिलं. केंद्र चालवणाऱ्या मेरिमने ते किती वेळा पाहिलं, याची गणतीच नव्हती.

म्हणून आजचा कार्यक्रम. डिसेंबरात नद्या गोठल्या की घरोघर हिवाळ्याच्या मांसासाठी घोडी कापतात. त्याला सोगुम म्हणतात, आणि ते कुणाला चुकत नाही. यंदा पाळी कुलाची होती. पिवळट अंगाची, वयाने उतरलेली. यंदा शिंगरूही झालं नव्हतं. महिनाभर जव चारून तिला पोसलं होतं. मेरिमने चार वाजताची निमंत्रणं छापली आणि सुरी लावण्यापूर्वी म्हणायचे शब्द दालनाच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवून घेतले: तुझा काही गुन्हा नाही, पण आमच्याकडे दुसरं अन्न नाही.

"चार वाजता?" जोल्दोश परवा फोनवर हसला होता. "अगं, आमच्याकडे थंडी बघून घोडी कापतात. तिकिटं विकून कापतात हे पहिल्यांदाच ऐकतोय."

"दादा, चारलाच कर. नाहीतर मेरिम रविवारी दुसरी कापायला लावेल. घोड्या कागदोपत्री केंद्राच्या आहेत."

"घोड्यांचं सोड. तू पुन्हा त्या बाजारातल्यासारखी पडणार?"

"सवय झालीय मला."

"थापा मारू नकोस." तो लगेच पुढे म्हणाला, "बरं. चार तर चार."

इतक्या लवकर तो कधी कशाला कबूल होत नसे. सालकिनला ते तेव्हाच खटकायला हवं होतं.

पावणेचारला ती दालनाच्या मधोमध, लोकांकडे पाठ करून, लोकरीच्या जाड नमद्यावर बसली. फोन मेरिमने कपाटात बंद केला होता. साठेक माणसं, दोन कॅमेरे. भिंतीवर दिवे नाहीत, पडद्यावर आलेख नाहीत. जे काय व्हायचं ते सालकिनच्या अंगात होणार आणि लोकांनी ते तिच्या अंगावर बघायचं. मेरिमला या गोष्टीचा फार अभिमान होता.

चार वाजले. दहा ठिपके शांत होते; थंडीमुळे घोड्या तबेल्यात दाटीवाटीने उभ्या असणार. डाव्या फऱ्याखाली मात्र पावलं पडत होती. सव्वाचार झाले तरी पडतच होती. लोक खोकू लागले, खुर्च्या करकरल्या. मेरिम जवळ येऊन वाकली.

"काय झालं?"

"चालतेय अजून."

"चालतेय म्हणजे? बांधली नाही का त्या शहाण्याने?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "आणखी दहा मिनिटं बघते. नाहीतर रविवारी. एक सोडून दोन कापायला लावीन, सांगून ठेवते."

ती गेली. सालकिनने डोळे मिटले आणि त्या एकाच जागेकडे लक्ष दिलं. घोडी चालते तेव्हा चार टिचक्या बसतात. इथे दोनच बसत होत्या. एक घट्ट, दुसरी उशिरा, घासत आलेली. मग पुन्हा एक घट्ट.

वीस वर्षांपूर्वी कोक-बोरू या घोड्यावरून खेळायच्या खेळात जोल्दोशचा गुडघा मोडला होता. घोड्यावर असला की कुणाला कळत नसे. पायी येऊ लागला की गावाच्या टोकापासून कळे.

सकाळी अकराच्या सुमाराला त्या ठिपक्यापाशी काहीतरी अडखळलं होतं. घोडी बर्फावरून घसरली असेल म्हणून सालकिन चहा पीत राहिली होती. कुला तेव्हाच गेली. बहिणीला ते मरण सोसावं लागू नये म्हणून दादाने सुरी लावण्याआधीच पट्टा काढून स्वतःच्या गळ्यात घातला, आणि तेव्हापासून तो अंगणात चालत होता. उणे बावीस अंशांत, साडेपाच तास. दुसऱ्या घोडीच्या गळ्यात दोन पट्टे घालता आले असते, पण दोन्ही पट्ट्यांचे संदेश एकमेकांत गुंततील अशी त्याला धास्ती असणार. चार वाजता त्याने नुसतं थांबायचं होतं. तेवढंच त्याला जमत नव्हतं. बाजारातला तो व्हिडिओ त्यानेही पाहिला होता. आपण थांबलो की बहीण कोसळणार, एवढंच त्याला माहीत होतं.

थांब ना रे दादा, सालकिन मनात म्हणाली. वेडा आहेस का तू?

मेरिम घड्याळ बघत पुन्हा उठली. तेव्हा सालकिनने घशातून आवाज काढला, अंग ताठ केलं आणि ती आडवी पडली. आजवर तिने अंगाने एकही खोटी गोष्ट केली नव्हती, याचंच तिला भूषण वाटत आलं होतं. दालनात कुणीतरी हुंदका दिला. कॅमेरे जवळ सरकले. ती श्वाससुद्धा बेताने घेत होती, आणि फऱ्याखाली दादा चालत होता.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी काठी टेकत आली. कुणी अडवायच्या आत ती नमद्यावर बसली आणि मेलेल्या जनावरावर ठेवावा तसा तिने हात मोठ्या ठिपक्यावर ठेवला. हात तिथेच थबकला. सालकिनने डोळे घट्ट मिटून घेतले.

म्हातारी वाकली, जणू कपाळाचं चुंबन घेतेय.

"पोरी, हा तर माणूस चालतोय."

"माझा दादा."

"लंगडतोय गं तो."

"आजी, कुणाला सांगू नका. रविवारी दुसरी कापतील."

"फोन कर की त्याला."

"फोन मेरिमच्या कपाटात आहे. नंबर त्यातच."

म्हातारीने मान वर करून दालनाकडे पाहिलं. "शांत झालं जनावर," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "बघता काय नुसते? हात पसरा." साठ माणसांनी तळवे पसरले, तिच्यामागून प्रार्थना पुटपुटली आणि चेहऱ्यावरून हात फिरवले. तिने मात्र एकच हात उचलला. दुसरा तिने तिथून हलवला नाही.

सालकिनला रडू फुटलं. लोकांना ते घोडीसाठी वाटलं.

मेरिम माइकवर आली होती. तिचाही आवाज भरून आला होता आणि ते काही नाटक नव्हतं. मार्चमध्ये सोलला असाच कार्यक्रम, ती सांगत होती, मेमध्ये बर्लिनला; अजून दहा घोड्या आहेत.

"आता गं काय करायचं?" म्हातारीने विचारलं.

तळहाताखाली एक पाऊल पडलं. दुसऱ्याला बराच वेळ लागला, पण तेही पडलं.