पत्ता सापडला नाही तर

आधीच सांगतो, चूक माझी आहे. उगाच कॉम्प्युटरच्या माथी मारू नका.

आमची कंपनी अ‍ॅम्ब्युलन्स सेवेसाठी नकाशा बनवते. कंट्रोल रूममधली मुलगी फोनवर ऐकलेला पत्ता टाइप करते, त्याचे अक्षांश-रेखांश निघतात, नकाशावर लाल टाचणी पडते आणि गाडी सुटते. पत्ता शोधायचा भाग माझा. पण पत्ता सापडला नाही की अख्खा स्क्रीनच बंद पडायचा. साहेब डोक्यावर बसलेले, दुसऱ्या दिवशी काम दाखवायचं होतं. मी वेळ मारून नेली. पत्ता सापडला नाही तर सरळ ताईच्या घराचे आकडे द्यायचे! चाचणीला रोज तेच वापरायचो, तोंडपाठ होते. नंतर काढू म्हटलं. कसलं काढतोय!

पहिली गाडी दारात आली तेव्हा ताई फोनवर खो खो हसली. "अरे, पेशंट कुठाय विचारत होते! म्हटलं, एक आळशी नवरा आहे, नेताय का?"

मीही हसलो. गाढव मी. दुसरी गाडी आली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तरी साहेबांना सांगितलं नाही. नोकरीची भीती, दुसरं काय. सोमवारी नवी आवृत्ती जाणार होती, तीत गुपचूप दुरुस्त करू म्हटलं.

शनिवारी दुपारी ताईने बोलावून घेतलं. आठवड्यातली चौथी गाडी नुकतीच येऊन गेली होती. या वेळी ती हसत नव्हती.

"ते स्ट्रेचर घेऊन धावत जिना चढतात रे," ती म्हणाली. "गाडी इथे आली म्हणजे जिथे जायची तिथे गेली नाही. तिथे कोण वाट बघत असेल?"

मग मात्र मला राहवेना. सगळं सांगून टाकलं. ती शिव्या घालेल वाटलं होतं. तिने फक्त माझा मोबाइल माझ्यापुढे सरकवला.

"साहेबांना फोन लाव. आत्ताच्या आत्ता."

मी हात पुढे केला, तोच फोन वाजला. आमच्या शेजारच्या काकू होत्या. चार महिन्यांपूर्वी आई आणि मी गावाबाहेरच्या नव्या इमारतीत राहायला गेलो, तिथल्या.

"अरे, आई बाथरूममध्ये पडलीये, बोलत नाहीये. पण तू घाबरू नकोस. मी अ‍ॅम्ब्युलन्सला पत्ता नीट सांगितलाय. सापडला म्हणाली ती मुलगी. निघालीसुद्धा गाडी."

ताईने स्पीकरवर सगळं ऐकलं होतं.

"तुमची नवी इमारत आहे ना रे नकाशात?"

नव्हती. मी कंट्रोल रूमचा नंबर लावला. व्यस्त. परत लावला. व्यस्त. तिसऱ्यांदा लावताना खाली सायरन ऐकू आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून म्हणालो, पुढे जाऊ दे, ही गाडी दुसऱ्या कुणाची तरी असू दे.

सायरन ताईच्या फाटकापाशी थांबला. जिन्यावर पावलं धडधडली. ताईने दार उघडलं.

"पेशंट कुठाय?" ड्रायव्हरने धापा टाकत विचारलं. गाडी नऊ मिनिटांत पोचली होती.

"माझी आई आहे," मी म्हणालो, आणि त्याला मागे ओढतच जिना उतरायला लागलो. तिथून आमचं घर पस्तीस मिनिटांवर होतं.