शिवी पडलेलं पीठ

पीठ मळून झालं की म्हातारीचा धाकटा त्यावर बोटाने क्रूस काढून प्रार्थना म्हणायचा. बापाने जन्मभर बेकरी चालवली ती अशीच. पण प्रार्थनेच्या मधेच याच्या मनात देवाला शिवी यायची. मग पीठ बाटलं म्हणून अख्खा गोळा फेकायचा आणि नवा मळायला घ्यायचा. सकाळची गिऱ्हाइकं रिकाम्या पिशव्या हलवत परत जायची. बेकरी बुडायच्या बेताला आली.

"आई, पाप लागलं का गं?"

"नाही रे बाबा," म्हणून म्हणून म्हातारीचा जबडा दुखला.

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाली, हा आजार आहे. शिवी आली तरी तेच पीठ भट्टीत घाला. आणि आई, तुम्ही त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, 'नाही' म्हटलं की शंका आणखी वाढते. फादरनीही मान डोलावली. म्हातारीला गप्प बसवायची हिंमत तोवर नवऱ्यानेही केली नव्हती.

आज शिवी आलीच. धाकटा घामाने डबडबला, पण त्याने त्याच पिठाचे पाव भट्टीत सरकवले. भाजून निघाल्यावर मात्र धीर सुटला.

"आई, हे लोकांना विकलं तर पाप लागेल?"

ओठावर आलेलं उत्तर म्हातारीने गिळलं. गरम पाव तोडून सावकाश चावला.

"मीठ कमी आहे."

"काहीतरीच! मीठ बरोबर आहे," धाकटा खेकसला आणि तणतणत पाव विकायला घेऊन गेला.