कोरी गोळी

कलाबाईने खिडकीकडे तोंड फिरवले, पदर मांडीवर पसरला आणि पहिली डबी त्यात उपडी केली. पांढऱ्या गोळ्या पदरात घरंगळल्या. बस चिमठाण्याच्या थांब्यावर उभी होती. कंडक्टर खाली उतरून चहा पीत होता आणि शेजारची म्हातारी पायांत टोपली धरून डुलक्या घेत होती. दुसऱ्या डबीतल्या गोळ्या कलाबाईने पहिलीत ओतल्या, पदरातल्या दुसरीत भरल्या आणि झाकणे घट्ट फिरवली. एका डबीवर नाव होते वाल्मीक बैसाणे, दुसरीवर अभिमन गिरासे. नावे जिथल्या तिथे राहिली, आतला माल तेवढा बदलला.

बस हलली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. पण आपण कोणाचे काही चोरले असे तिला वाटत नव्हते. जे आपल्याला मिळायला हवे होते, ते आपण घेतले, एवढेच.

वाल्मीक तिचा नवरा, दोंडाईच्याच्या पोस्टात पोस्टमन. दिवाळीनंतर एका सकाळी टपाल वाटता वाटता त्याच्या छातीत कळ आली आणि तो सायकल भिंतीला टेकवून रस्त्यातच खाली बसला. धुळ्याला नेले म्हणून वाचला. पण त्यानंतर चार पावले भरभर टाकली, की छाती आवळून यायची. हृदयाला रक्त पुरत नाही, असे डॉक्टर लीलाधर नेहेते म्हणाले. त्याच डॉक्टरांकडे गावातले अभिमनआबाही जात. आबा कापसाच्या जिनिंगमधले जुने कारकून. बायको वारलेली, मुले सुरतेला. मुलांच्या पत्रांच्या निमित्ताने वाल्मीकशी बोलणे सुरू झाले आणि पुढे ती घरचीच ओळख झाली. दुखणेही दोघांचे एकच निघाले.

एके दिवशी डॉक्टरांनी दोघांना एकदमच आत बोलावले. कलाबाईही गेली.

"एका नव्या औषधाचा अभ्यास चालला आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमची रोजची औषधे चालूच राहतील. ही गोळी त्यावर जास्तीची. निम्म्या लोकांच्या डबीत नवे औषध असेल आणि निम्म्यांच्या डबीत नुसती कोरी गोळी. दिसायला दोन्ही सारख्याच."

"मग आमच्या डबीत कोणती?" कलाबाईने विचारले.

"ते मलाही माहीत नाही, बाई. डब्या मुंबईहून भरून येतात. अभ्यास संपला, की तिकडेच कळेल कोणाला काय दिले होते ते."

कलाबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आपण रोग्याला काय देतो आहोत हे ज्याला ठाऊक नाही, असा डॉक्टर असतो कुठे? ती बालवाडीत शिकवायची. कोणत्या पोराच्या मुठीत काय आहे, हे तिला तोंडावरून कळायचे. शिवाय आत शिरल्या शिरल्या डॉक्टरांनी आबांना खुर्ची दिली होती. कागदावर पूर्ण नाव लिहून घेताना "गिरासे म्हणजे कुठले?" असे विचारून त्यांच्या गावच्या दोन माणसांची चौकशीही केली होती. वाल्मीकने आडनाव सांगितले तेव्हा मात्र ते फक्त "बरं" म्हणाले आणि लिहू लागले. तसे "बरं" तिने शाळेच्या पाणवठ्यावर ऐकले होते, भाड्याची खोली बघायला गेल्यावर दारात उभे राहून ऐकले होते.

वाल्मीकने सही केली.

"आपलामुये दुसरा कोनले फायदा व्हई त व्हऊ दे," तो परतताना म्हणाला.

"पहिलं आपलं देखा," ती म्हणाली.

दर महिन्याला बालवाडीच्या बैठकीसाठी तिला धुळ्याला जावेच लागे. म्हणून दोघांच्या डब्या आणायचे काम तिच्याकडे आले. पहिले काही महिने तिने त्या जशाच्या तशा आणून दिल्या.

मग उन्हाळ्यात आबांचा थोरला मुलगा सुरतेहून यायचा होता. त्याला उतरवून घ्यायला तिघे स्टेशनवर गेले. गाडी पलीकडच्या फलाटावर लागणार होती. आबा गप्पा मारत मारत पुलाच्या पायऱ्या चढून वर पोहोचले. वाल्मीक मध्येच थांबला. कठडा धरला, खिशातून कळ थांबवायची गोळी काढून जिभेखाली ठेवली आणि डोळे मिटून उभा राहिला. कलाबाई त्याच्या शेजारी थांबली. आबा वरून वळून खाली पाहत होते. त्यांना धाप लागलेली नव्हती.

घरी आल्यावर तिने चूल पेटवलीच नाही.

"आबा कसा सरसर चढी ग्यात, देखं का?"

"त्यासनी तब्येत मूळनी चांगली शे."

"तब्येत नही, डबी चांगली शे. आपले कोरी दिधी."

"कला, डाक्टरलेच माहीत नही, तुले कसं माहीत?"

"डाक्टरले बठ्ठं माहीत शे. तो सांगत नही."

वाल्मीक हसला आणि कूस बदलून पडला. त्यानंतरच्याच खेपेला चिमठाण्याच्या थांब्यावर तिने पदर पसरला आणि मग दर खेपेला पसरत राहिली.

फरक पडला. आधी तिचा विश्वास बसेना, मग बसला. पावसाळा सरता सरता वाल्मीक बाजारातून पिशवी घेऊन पायी यायला लागला. पोस्टात टेबलाशी बसायचे काम मिळाले होते, पण एकदा त्याने सायकल पुसून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. कलाबाई उंबऱ्यात उभी राहून बघत होती. आनंद झाला आणि त्याच क्षणी तिची नजर रस्त्याकडे गेली. आबा येत होते. पिठाच्या गिरणीपाशी ते थांबले, ओट्यावर बसले, मग पुन्हा उठले. पूर्वी ते तिथे कधी बसत नसत.

तेव्हापासून ती आबांकडे सरळ बघेनाशी झाली. ते आले, की चहाचे निमित्त करून आत जायची. आणि मग तिच्या मनात नवीच शंका शिरली: आबांना कळले तर नसेल? तिने डबी नेऊन दिली, की दुसऱ्या दिवशी ते हमखास घरी येत. बोलता बोलता त्यांची नजर फळीवरच्या वाल्मीकच्या डबीकडे जाई. एकदा ती चहा घेऊन बाहेर आली, तर वाल्मीक मोरीत हातपाय धूत होता आणि आबा फळीपाशी उभे होते.

"घड्याळ देखत व्हतू," ते म्हणाले.

घड्याळ समोरच्या भिंतीवर होते. डबी पेटीत ठेवावी असे कलाबाईला वाटले. पण ठेवली तर त्यांचा संशय पक्का होईल, म्हणून तिथेच राहू दिली.

दिवाळीच्या सुमारास दोघांना तपासणीसाठी धुळ्याला बोलावणे आले. छातीला तारा लावून फिरत्या पट्ट्यावर चालायचे आणि चालताना हृदय काय करते ते कागदावर उमटायचे. आधी आबांना आत नेले. कलाबाई बाहेरच्या बाकावर बसली. पट्ट्याची घरघर सुरू झाली आणि पुरती लय धरण्याआधीच बंद पडली. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "बस, बस. आडवे करा यांना."

तिने दोन्ही हातांनी बाकाची कड धरली.

बऱ्याच वेळाने आबा बाहेर आले. सदऱ्याची बटणे उघडीच होती. ते तिच्या शेजारी बसले. मग वाल्मीक आत गेला आणि पट्टा पुन्हा सुरू झाला. या वेळी तो थांबला नाही. त्याच्या पावलांचा आवाज दारातून एकसारखा येत राहिला. आबा मान तिरकी करून ऐकत होते.

"चांगला चाली ऱ्हायना," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "कलाबाई, एक सांगू का? रागे भरू नका. मी एक लबाडी करेल शे."

ती त्यांच्याकडे वळली.

"पुलावर वाल्मीकभाऊ मधमाच थांबना, तो दिन मन्हा मनमा बसना. माले वाटनं, मन्ही डबी खरी शे आनि त्यासले कोरी उनी. तैनपासून तुमी डब्या आनी दिध्यात, का दुसरा दिन मी मन्ही डबी खिसामा टाकीसन येऊ. तुमी चहा कराले आत आनि वाल्मीकभाऊ मोरीमा गयात, का मन्ह्या गोळ्या त्यासना डबीत आनि त्यासन्या मन्हा डबीत. आधी सांगतू त तुमी नही म्हनतात."

"कसाले आबा?" तिने विचारले.

"माले कोन शे? पोरं सुरतले. त्यासले तुमी शेतस."

आत पावले पडत होती. कलाबाई समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. बसमध्ये तिने या डबीतून त्या डबीत जे घातले होते, ते दुसऱ्या दिवशी आबांनी उचलून परत जागच्या जागी नेऊन ठेवले होते. दर खेपेला. वाल्मीकने इतके महिने खाल्ली ती त्याचीच गोळी आणि आबांनी खाल्ली ती आबांचीच. सुटल्यासारखे वाटले तिला. आणि लगेच, आबांच्या उघड्या गळ्याकडे, पांढऱ्या केसांवर चिकटलेल्या घामाकडे नजर गेली, तेव्हा बसल्या जागी अंग चोरावेसे वाटले.

पट्टा थांबला. डॉक्टर हातात कागदाची लांब पट्टी घेऊन बाहेर आले. वाल्मीकची चाल त्यांना फार आवडली होती. आबांशी बोलताना मात्र ते वाकले.

"तुम्हाला मुंबईला जावे लागेल, आबा. रक्तवाहिनीत रंग सोडून तपासणी करतात, ती करून घेऊ. उशीर नको." मग त्यांनी आबा आणि कलाबाई दोघांकडे पाहिले. "एक विचारतो, खरे सांगा. गोळ्या चुकवल्या नाहीत ना? काही ठिकाणी लोकांनी आपसात बदलल्यासुद्धा. तसे झाले असेल तर सगळा अभ्यास वाया जातो."

आबांनी मान खाली घातली. त्यांचे ओठ हलले.

"नाही डॉक्टर," कलाबाई म्हणाली. "ज्याची गोळी त्यानेच खाल्ली."

तिचा आवाज इतका ठाम होता, की डॉक्टरांनी पुन्हा विचारले नाही. ते आत गेल्यावर आबांनी तिच्याकडे पाहिले. डोळे भरून आले होते.

"मन्हाकरता खोटं बोलन्यात तुमी."

आपण खोटे बोललोच नाही हे सांगायचे, तर कलाबाईला बसमधलेही सगळे सांगावे लागले असते. वाल्मीक शर्ट घालत बाहेर आला. चेहरा लाल झाला होता, पण हसरा होता. दोघांचे चेहरे बघून तो थबकला.

"काय व्हयनं?"

"आबासले मुंबईले जानं शे," ती उठत म्हणाली. "मी जासू त्यासनासंगे."

"तू? आनि बालवाडी?"

"रजा काढसू."

"कसाले तरास करतस," आबा घाईने म्हणाले. "मन्हा पोरं येतीन सुरतहून."

"येऊ द्या त्यासले," कलाबाई म्हणाली आणि खाली वाकून त्यांच्या सदऱ्याची बटणे एकेक करून लावू लागली. "मी बी येसू."