बाई 'बसा' म्हणाल्या की

सबिहाबाईंचा राग माहेरी प्रसिद्ध होता. अम्मी म्हणायची, या पोरीच्या नाकाच्या शेंड्यावर मुंगी बसली तर भाजून मरेल. पण तेर गावाजवळच्या वस्तीवरच्या शाळेत पहिलीचा वर्ग मिळाला, तेव्हा बाईंनी मनाशी खूणगाठ बांधली, पोरांवर आवाज चढवायचा नाही. राग आला की उलट आवाज खाली आणायचा आणि पोरांना अहो-जाहो करायचं. 'बसा गोरोबा.' 'पाटी ठेवा हर्षाली.' वर्ग चिडीचूप व्हायचा. बाईंना वाटायचं, युक्ती लागू पडली.

शिवप्रियाच्या बाबतीत तर त्या फारच जपून असत. बाप चिडला की तिला बडवायचा, म्हणून आजीनं, गजराबाईनं, पोरीला आपल्याकडं आणलं होतं. नाव घालतानाच तिनं बजावलं होतं, "बाई, साळंत कुणी हात लावला तर दुसऱ्या दिवशी धाडणार न्हाय. अडाणी राहिली तरी चालंल मला." म्हातारी बोलल्याप्रमाणे करणारी होती. पोरगी हुशार, पण भलती द्वाड.

त्या सकाळी मोजायला चिंचोके वाटले होते. शेजारी बसलेल्या तबस्सुमनं शिवप्रियाच्या वाटणीतले दोन ढापले, तर हिनं अख्खी मूठ तिच्या तोंडावर भिरकावली. एक चिंचोका डोळ्याच्या कडेला लागला. तबस्सुमनं भोकाड पसरलं आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी आधी डोळा पाहिला. शाबूत होता. मग ओठ आवळून अगदी हळू म्हणाल्या, "शिवप्रिया, इकडं या. बसा इथं."

शिवप्रिया टेबलाखाली शिरली आणि दोन्ही हात डोक्यावर घेऊन बसली.

बाईंना कळेना. आवाज चढला नव्हता, हात उचलला नव्हता. शेवटी तबस्सुमच हुंदके आवरत म्हणाली, "बाई, तिला बसा म्हनू नका. तुमी लई चिडल्या की बसा म्हंता. आमाला बी भ्या वाटतं."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या ज्याला शांतपणा समजत होत्या, तो नुसता झाकण घातलेला राग होता, आणि वाफ पोरांना लागत होती.

त्या टेबलापाशी फरशीवर बसल्या. "व्हय, मला राग आलाय," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. "तबस्सुमच्या डोळ्याला लागलं म्हणून आलाय. पण मी मारणार न्हाय. ये, जवळ बस."

"मारणार न्हाय?"

"न्हाय."

बाई ओढायला गेल्या नाहीत, तिथंच बसून राहिल्या. बाकीची पोरं कंटाळून आपापले चिंचोके मोजायला लागली. मग शिवप्रिया बाहेर आली, तबस्सुमजवळ गेली आणि तिच्या डोळ्यावर हळूच फुंकर घातली.

शाळा सुटल्यावर गजराबाई न्यायला आली. बाईंनी काही लपवलं नाही. चिंचोके, डोळा, आपला राग, सगळं सांगितलं. उद्यापासून पोरगी येते की नाही, ही धास्ती होतीच. म्हातारीचं तोंड उतरलं. तिनं नातीची बाही वर सारून दंड पाहिला, मग पाठ पाहिली.

"बाई चिडल्या व्हत्या म्हंत्यात. कुठं मारलं तुला?"

"कुठंच न्हाय," शिवप्रिया म्हणाली. "नुसत्या चिडल्या."

"नुसत्या?"

"व्हय. नुसतं बी चिडता येतं, आज्जे."

 गजराबाईनं नातीची बाही नीट खाली ओढली. "उद्या धाडते," ती बाईंना म्हणाली.